गिज्झकूटाची वाट : राजाची आणि संघाची

महाराष्ट्रातून बुद्धगया, राजगीर, नालंदा या क्रमाने निघणाऱ्या धम्मयात्रांमध्ये राजगीरच्या वाट्याला बहुधा एकच दिवस येतो. सकाळी वेळुवन, नंतर उष्णोदकाची कुंडे, दुपारी रज्जुमार्गाने रत्नगिरीवरील विश्वशांती स्तूप, आणि सायंकाळच्या आत नालंदेकडे प्रस्थान. जपानी भिक्खू निचिदात्सू फुजी यांच्या प्रेरणेने उभारलेला आणि १९६९ साली लोकार्पण झालेला हा शुभ्र स्तूप भव्य आहे, यात शंका नाही. मात्र त्यालाच गिज्झकूट समजून परतणारे उपासक आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. गिज्झकूट त्याच्या जवळच, पण खालच्या अंगास, छठगिरी नावाच्या टेकडीच्या दक्षिण उतारावर आहे. तिथे शिखरावर नेऊन सोडणारा रज्जुमार्ग नाही. पायी जावे लागते. या लेखाचा विषय ती पायवाटच आहे.

विषय सुचला तो एका प्रश्नामुळे. काही वर्षांपूर्वी विदर्भातील उपासक-उपासिकांच्या एका समूहासोबत आम्ही ही वाट चढत होतो. वाटेवर दोन लहान स्तूपांचे अवशेष लागतात. चिनी प्रवासी ह्युएन-त्संग याने सातव्या शतकात त्यांची जी कथा नोंदविली आहे, ती आम्ही समूहास सांगितली. धम्मश्रवणासाठी राजा बिंबिसाराने डोंगराच्या पायथ्यापासून शिखरापर्यंत दऱ्या भरून, कडे सपाट करून, दगडांचा मार्ग बांधला. तो सुमारे दहा पावले रुंद आणि पाच-सहा ली, म्हणजे दोन-अडीच किलोमीटर, लांब होता. पहिल्या स्तूपापाशी राजा रथातून उतरे आणि पुढे पायी जाई. दुसऱ्या स्तूपापाशी तो सामान्य जनांस मागे फिरवी; त्यांना आपल्यासोबत पुढे येऊ देत नसे.

कथा संपली तेव्हा काठी टेकीत चढणाऱ्या एका वृद्ध उपासिकेने विचारले, "सर, राजानं लोकं इथूनच वापस धाडले म्हनता, मंग आपल्यासारखे लोकं वर गेलेच नसतीन काय?"

आम्हांस त्या क्षणी नीट उत्तर देता आले नाही. पालि वाङ्मयाचे अध्यापन करणाऱ्याने निरुत्तर व्हावे, हे आम्हांस बरेच दिवस टोचत राहिले. परत आल्यावर आम्ही तिपिटकात गिज्झकूटाचे उल्लेख पुन्हा एकदा, केवळ एका दृष्टीने, वाचले : ही वाट कोण चढले आणि कोण उतरले?

प्रथम राजाच्या बाजूने जे सांगण्यासारखे आहे ते सांगितले पाहिजे. बिंबिसाराने हा मार्ग बांधला असे तिपिटक कुठेही सांगत नाही. ती माहिती ह्युएन-त्संगची, म्हणजे घटनेनंतर हजाराहून अधिक वर्षांची आहे. मार्ग मात्र खरा आहे. १९०५-०६ साली जॉन मार्शल यांनी राजगीरचे सर्वेक्षण केले, तेव्हा ओबडधोबड दगडांचा, सुमारे वीस फूट रुंदीचा हा चढता रस्ता आणि त्यावरील स्तूपांचे अवशेष ह्युएन-त्संगच्या वर्णनाशी जुळले, आणि गिज्झकूटाचे स्थान निश्चित होण्यास त्याचा मोठा आधार मिळाला. चिनी प्रवाशाच्या डोळ्यांवर विश्वास ठेवण्यास हरकत नाही. त्याच्या कानांवर किती ठेवावा, हा प्रश्न वेगळा.

राजा वाहनातून उतरतो, हा कथेचा पहिला भाग पालि वाङ्मयाच्या वाचकास अत्यंत परिचित आहे. जिथपर्यंत यानास जाण्याजोगी भूमी आहे तिथपर्यंत यानाने जावे, मग यानातून उतरून पायीच तथागतांजवळ जावे, असे वर्णन सुत्तांत वारंवार येते. सुत्तनिपातातील पब्बज्जासुत्तात, बोधिप्राप्तीपूर्वीच्या सिद्धार्थाला भेटण्यासाठी बिंबिसार पण्डव पर्वताकडे जातो, तेव्हाही तो यानातून उतरून पायी चालतो. महापरिनिब्बानसुत्ताच्या आरंभी मगधाचा महामात्य वस्सकार ब्राह्मण वज्जींवर स्वारी करण्याचा राजाचा मनसुबा घेऊन गिज्झकूटावर येतो, तोही असाच. सामञ्ञफलसुत्तात अजातसत्तु हत्तीवरून जीवकाच्या आम्रवनाकडे येतो, तिथे यानाच्या जागी हत्ती हा शब्द येतो, एवढाच फरक.

हा ठराविक साचा आहे, हे आम्ही नाकारीत नाही. सपाट भूमीवरील उद्यानांच्या वर्णनातही तो येतो. त्यामुळे त्यावरून डोंगराचा चढ सिद्ध करता येणार नाही. परंतु साचा म्हणजे निरर्थक शब्द नव्हेत. ज्या समाजात कोणी वाहनावर बसावे आणि कोणी कोणासमोर उतरावे यावरून माणसाची पायरी ठरत होती, त्या समाजात राजा, महामात्य आणि ब्राह्मण एका भिक्षापात्रधारी पुरुषासमोर पायउतार होतात, हे संघाने आवर्जून पाठ करून ठेवले. गिज्झकूटाच्या वाटेवर त्या साच्याला दगडी रूप मिळाले, इतकेच म्हणता येईल. स्तूप उभारणाऱ्यांना सुत्ते पाठ होती, असे आमचे अनुमान आहे.

कथेचा दुसरा भाग, सामान्य जनांस मागे फिरविण्याचा, याला मात्र तिपिटकात आम्हांस कोणताही आधार आढळला नाही. उलट विनयाच्या महावग्गातील पाचवा खन्धक उघडावा. बिंबिसाराने आपल्या राज्यातील ऐंशी हजार गावांचे गामिक, म्हणजे ग्रामप्रमुख, राजगृहात बोलाविले. ऐंशी हजार ही संख्या अर्थातच पारंपरिक आहे. तिचा अर्थ पुष्कळ एवढाच घ्यावा. राजाने त्यांना ऐहिक विषयांत मार्गदर्शन केले आणि सांगितले की पारलौकिक हिताविषयी आता तुम्ही भगवंतांकडे जा. ते सगळे गिज्झकूटावर गेले. तिथे सागत नावाचा भिक्खू भगवंतांच्या सेवेत होता. त्याने विहाराच्या सावलीत आसन मांडले आणि त्या गर्दीसमोर भगवान बसले. सागताच्या चमत्काराचे वर्णन तिथे आहे; ते बाजूला ठेवले तरी चित्र स्पष्ट उरते. डोंगरावर विहार आहे, त्याला पायरीचा दगड आहे, उन्हात चढून आलेले खेड्यांतले लोक आहेत. आणि त्यांना वर धाडणारा तोच राजा आहे, ज्याच्याविषयी पुढे तो लोकांना मागे फिरवीत असे अशी आख्यायिका रूढ झाली.

ही आख्यायिका कशी उत्पन्न झाली असावी? ह्युएन-त्संगच्या काळात मोठमोठे विहार राजाश्रयावर उभे होते. राजाच्या भेटीचे रूप त्या काळातील दरबारी मनाला जसे सुचले तसे त्याने प्राचीन बिंबिसारावर चढविले, असे आम्हांस वाटते. हे आमचे मत आहे, सिद्धान्त नव्हे. पण विनय आणि आख्यायिका यांत निवड करावयाची तर आम्ही विनयाकडे झुकतो.

ही वाट राजापेक्षा अधिक वेळा कोणी तुडविली असेल तर ती थेरींनी. हे विधान पहिल्या वाचनी धाडसाचे वाटेल. थेरीगाथेत गिज्झकूटाचा नावानिशी उल्लेख करणाऱ्या दोन थेरी आहेत, आणि अट्ठकथेच्या आधारे तिसरी त्यांत धरता येते.

पहिली दन्तिका. ती गिज्झकूटावर दिवाविहार, म्हणजे दिवसभराची ध्यानसाधना, करून खाली उतरत होती. नदीकाठी तिला एक हत्ती पाण्यातून वर येताना दिसला. अंकुशधारी माणसाने त्याला पाय मागितला, हत्तीने पाय पुढे केला आणि माणूस त्यावरून चढला. रानातले दमन न झालेले जनावर माणसाच्या एका शब्दाने वश झालेले पाहून तिने तिथेच आपले चित्त एकाग्र केले. याच कारणासाठी आपण अरण्यात गेलो होतो, असे ती सांगते. ज्या राजगृहात नालागिरी हत्ती तथागतांवर सोडण्यात आला, त्याच राजगृहाच्या नदीकाठी एका स्त्रीने एका हत्तीकडून आपला कम्मट्ठान घेतला. नालागिरीची कथा आपल्या प्रत्येक विहारातील चित्रांत असते. दन्तिकेच्या हत्तीचे चित्र आम्ही अद्याप कुठे पाहिले नाही.

दुसरी भद्दा कुण्डलकेसा. ही मूळची निगण्ठ संप्रदायाची परिव्राजिका. केस उपटलेली, एकवस्त्रा. आपल्या गाथांत ती म्हणते की गिज्झकूटावरील दिवाविहारातून बाहेर पडताना तिने भिक्खूसंघासह बुद्धांना पाहिले, गुडघे टेकून वंदन केले, आणि त्यांनी तिला नावाने हाक मारून बोलाविले. तीच तिची उपसम्पदा. अट्ठकथा मात्र तिची भेट सावत्थीत, सारिपुत्तांशी झालेल्या वादानंतर घडविते. आम्ही गाथेचा शब्द अधिक प्रमाण मानतो. तो तिचा स्वतःचा आहे. आणि गाथा खरी असेल तर आणखी एक गोष्ट निष्पन्न होते : संघात येण्यापूर्वीही ती या डोंगरावर एकटी ध्यानास बसत होती. डोंगर कोणा एका संप्रदायाच्या मालकीचा नव्हता आणि स्त्रीला निषिद्धही नव्हता.

तिसरी चित्ता. ती कृश आहे, आजारी आहे, दुर्बल आहे. काठीच्या आधाराने डोंगर चढते. वर पोहोचल्यावर संघाटी खाली ठेवते, पात्र पालथे घालते, शिळेला टेकते, आणि तिथे तिचा अज्ञानाचा अंधार फुटतो. गाथेत डोंगराचे नाव नाही. तो गिज्झकूट होता असे अट्ठकथा सांगते. मेत्तिका थेरीच्या गाथाही जवळजवळ अशाच आहेत, आणि तिथेही एक म्हातारी काठी टेकीत डोंगर चढते आहे.

येथे विनयाचा अभ्यासक एक आक्षेप घेईल. चुल्लवग्गाच्या भिक्खुनीखन्धकात भिक्खुनींनी अरण्यात वास्तव्य करू नये असा नियम आहे. तो दुष्टांनी केलेल्या अत्याचारानंतर घालण्यात आला, असे तिथेच म्हटले आहे. मग या थेरी डोंगरावर कशा? दिवसभराचे ध्यान आणि कायमचे वास्तव्य यांत भेद आहे, हे एक उत्तर. दुसरे असे की या गाथा नियमापूर्वीच्या मोकळ्या काळाची स्मृती जपतात. दोन्ही उत्तरे एकमेकांस बाधक नाहीत. अत्याचार पुरुषांनी केला आणि अरण्य स्त्रियांचे गेले, ही गोष्ट मात्र विनयाच्या अभ्यासकाने डोळ्यांआड करू नये.

वाट चढणाऱ्यांसोबत रोज सकाळी उतरणारेही होते. पात्र-चीवर घेऊन राजगृहात पिण्डपाताला जाणारे भिक्खू हे तिचे नित्याचे प्रवासी. संयुत्तनिकायातील लक्खणसंयुत्तात महामोग्गल्लान आणि लक्खण हे दोघे गिज्झकूटावरून उतरत असतात. वाटेत एका जागी मोग्गल्लान स्मित करतात आणि पुढे कारण सांगतात : आकाशातून जाणारा एक अस्थिपंजर, त्याच्या मागे लागून बरगड्यांमधून चोच मारणारी गिधाडे, कावळे आणि घारी. तो पूर्वी राजगृहात गायी कापणारा खाटीक होता, असा त्याचा कर्मविपाक सांगितला आहे. हे सुत्त आपल्या वाचकांस रुचणार नाही, हे आम्ही जाणतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माच्या सिद्धान्ताची जी चिकित्सा केली आहे, ती अशा सुत्तांनाच लागू पडते. ज्यांच्यावर समाजाने हलके धंदे लादले त्यांनाच नरकाची भीती घालणारी ही परंपरा मूळ धम्माशी विसंगत आहे, असे आम्हांसही वाटते. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने दोष असलेला कागद फाडावयाचा नसतो. रचनाकाराला या वाटेवर गिधाडे, कावळे आणि घारी रोज दिसत होत्या, आणि खाली नगरात खाटीकवाडा होता, एवढी साक्ष हे सुत्त निश्चित देते.

गिधाडांमुळेच तर नाव पडले. अट्ठकथा दोन कारणे देते : शिखरावर गिधाडे राहत म्हणून, किंवा शिखर गिधाडासारखे दिसे म्हणून. पाचव्या शतकाच्या आरंभी येथे आलेल्या फा-हियानने तिसरे ऐकले : गुहेत ध्यानस्थ आनंदाला भिवविण्यासाठी मार गिधाडाच्या रूपाने आला, आणि भगवंतांनी खडकातून हात घालून आनंदाच्या खांद्याला स्पर्श केला. वर जाणाऱ्यास खरोखरच चोच पुढे काढलेल्या पक्ष्यासारखा एक खडक दिसतो. खरी गिधाडे आम्हांस एकही दिसले नाही. १९९० नंतरच्या काळात भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली. गुरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध मृत जनावरांच्या मांसातून त्यांच्या पोटात गेले आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. हे कारण २००४ साली सिद्ध झाले आणि २००६ साली भारताने त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली. अडीच हजार वर्षे टिकलेले नाव आणि एका पिढीत नाहीसे झालेले पक्षी, असा हा प्रकार आहे.

राजगृहाची जुनी स्थलनामे पाहिली की प्राण्यांची रांगच दिसते. वेळुवनात कलन्दकनिवाप, म्हणजे खारींना खाऊ घालण्याची जागा. सुमागधा तळ्याच्या काठी मोरनिवाप, म्हणजे मोरांची. गिज्झकूटावरून उतरून भगवान तिथे मोकळ्या आकाशाखाली चंक्रमण करीत, असे दीघनिकायात आहे. पायथ्याशी मद्दकुच्छी येथे मृगदाय. देवदत्ताने वरून लोटलेल्या शिळेची कपची लागून भगवंतांचा पाय रक्ताळला, तेव्हा ते या मृगदायात होते. डोंगरातच सूकरखता, म्हणजे डुकराने उकरलेली गुहा. तिथे दीघनख परिव्राजकाशी झालेला संवाद पंख्याने वारा घालीत उभे असलेले सारिपुत्त ऐकत होते आणि ऐकता ऐकता त्यांचे चित्त मुक्त झाले. आज हे डोंगर १९७८ साली घोषित झालेल्या अभयारण्यात येतात. झाडी शुष्क पानझडीची. माघात अर्धी उघडी. वाटेवर वानरांच्या टोळ्या असतात आणि पूजेची फळे कोणाच्या हातात आहेत हे त्यांना दुरून समजते. फा-हियानच्या चरित्रात रात्री तीन काळे सिंह त्याच्याजवळ आल्याचे आणि सूत्रपठण ऐकून निमूट बसल्याचे वर्णन आहे. मगधात त्या काळी सिंह होते की नाही, या वादात आम्ही शिरत नाही. आमच्या वानरांनी पठणाची पर्वा केली नाही.

शिखरावर विटांच्या लहान चौथऱ्याचे अवशेष आहेत. सद्धर्मपुण्डरीकसूत्राचा उपदेश याच स्थळी झाल्याचे महायान परंपरा मानते, म्हणून जपान, कोरिया, व्हिएतनाम येथील यात्रेकरूंची तिथे सतत ये-जा असते. चौथऱ्यावरून खाली पाहिले की जुन्या राजगृहाचे खोरे एका दृष्टिक्षेपात येते. टेकड्यांच्या माथ्यांवरून चुन्याशिवाय रचलेल्या प्रचंड दगडांची तटबंदी धावते. महापरिनिब्बानसुत्तात भगवान आनंदाला राजगृहातील रमणीय स्थळांची आठवण करून देतात, त्यात गिज्झकूट आहे, वेभाराच्या कुशीतली सत्तपण्णी गुहा आहे, इसिगिलीची काळशिळा आहे, आणि चोरांना जिथून लोटीत तो चोरपपातही आहे. रमणीय स्थळांच्या यादीत कडेलोटाची जागा यावी, याचे आम्हांस नेहमी नवल वाटते. निसर्गाचे सौंदर्य पाहताना त्या कड्यावर काय घडत असे, याचा विसर पडू न देणारी ती दृष्टी असावी.

याच दृश्यात खाली एका चौकोनी दगडी वास्तूचा पाया दिसतो. तिला बिंबिसाराचे कारागृह म्हणतात. ही ओळख निश्चित नसली तरी तिथून गिज्झकूट स्पष्ट दिसतो, हे खरे. पुत्र अजातसत्तूने बिंबिसाराला कोंडले आणि अन्न बंद केले, तरी तो चंक्रमणाच्या बळावर जगत राहिला. तेव्हा न्हाव्याकडून त्याच्या पायांचे तळवे चिरविले, असे अट्ठकथा सांगते. राजावर अन्याय होऊ नये म्हणून हे नोंदवितो. जो वाहनातून उतरून चालत होता, त्याचे शेवटी चालणेच हिरावून घेतले गेले.

वाटेस त्याचे नाव राहो, आमची हरकत नाही. पण यात्रेतील मार्गदर्शकांनी दुसऱ्या स्तूपापाशी ह्युएन-त्संगची कथा सांगून थांबू नये. महावग्गातील गामिकांची हकीकत तिथेच सांगावी, आणि उतरताना, नदी दिसू लागते त्या वळणावर, दन्तिकेची. आम्ही पुढच्या यात्रेत तसे केले. ती वृद्ध उपासिका त्या वेळी सोबत नव्हती. तिला आम्ही चित्ता थेरीच्या गाथांचा मराठी अर्थ पत्राने कळविला.